धंदा चुकलेला माणूस

आपला धंदा चुकला असं ज्याला वाटत नाही, असा मध्यमवर्गीय मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. डॉक्टरांना वाटतं, वकिली केली असती तर निदान रात्री दोन वाजता कुणी दार ठोठावलं नसतं. वकिलांना वाटतं, डॉक्टर झालो असतो तर तारखेवर तारीख न पडता माणूस एका फटक्यात निकालात निघाला असता. मास्तरांना वाटतं बँकेत चिकटायला हवं होतं. बँकवाल्यांना वाटतं मास्तरांसारखी मे महिन्याची सुटी हवी होती. आणि दोघांनाही मनातून खात्री असते, की वेळीच कोपऱ्यावर वडापावची गाडी टाकली असती तर आज तीन मजली बंगला उभा असता. ही गाडी आजवर लाखो मराठी माणसांनी टाकलेली आहे. फक्त मनात. ज्याची गाडी खरोखरच कोपऱ्यावर उभी आहे, तो वडे तळता तळता सांगत असतो, "साहेब, या धंद्यात काही राम नाही. नोकरीच बरी."

ही तक्रार आपण जिन्यात करतो, लोकलमध्ये करतो, पंगतीत मठ्ठा वाढून घेताना करतो. पण तिची रेकॉर्ड काढावी असं काही आपल्याला कधी सुचलं नाही. ते शिकागोतल्या एका सॅक्सोफोनवाल्याला सुचलं. त्याचं नाव ए. सी. रीड. त्याचं सगळं आयुष्य ब्लूज वाजवण्यात गेलं. १९८७ साली, म्हणजे आपल्याकडे माणसं साठीशांतीच्या याद्या करतात त्या वयात, 'ॲलिगेटर' कंपनीनं त्याची एक रेकॉर्ड काढली. तिचं नाव 'आय ॲम इन द राँग बिझनेस!' मराठीत सांगायचं तर, 'माझा धंदा चुकला!' पुढे उद्गारचिन्ह आहे. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जावं म्हणून आपण जरा आवाज चढवतो ना, तसं.

नाव वाचूनच या माणसावर माझा जीव जडला. कलावंत मंडळी आपल्या कामाला काय काय नावं देतात! आत्मा काय, शोध काय, साधना काय. 'धंदा' हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. बिदागीचं पाकीट ते न बघता खिशात टाकतात आणि टॅक्सीत बसल्यावर दोनदा मोजतात. इथे हा बाबा रेकॉर्डच्या वेष्टनावरच छापून मोकळा झाला, की बाबांनो, हा धंदा आहे, आणि तो तोट्यात आहे.

या रीडचं खरं नाव ॲरन कॉर्थेन. जन्म १९२६ चा, मिसुरी राज्यातल्या वॉर्डेल गावचा. 'रीड' हे आडनाव त्यानं जिमी रीड या त्या काळच्या गाजलेल्या ब्लूज गायकावरून घेतलं. म्हणजे आडनावापासूनच उसनवारी. पोरवयात शिकागोला आला, पोलादाच्या कारखान्यात कामाला लागला आणि पहिला पगार हातात पडल्यावर त्यानं सॅक्सोफोन घेतला, असं त्याच्या चरित्रात सांगतात. पहिल्या पगारातून आईला लुगडं घेण्याची आपली पद्धत किती दूरदृष्टीची आहे पहा. लुगड्यामुळे कुणाचं आयुष्य वाया गेल्याचं ऐकिवात नाही.

बरं, वाद्य घेतलं तेही कुठलं? सॅक्सोफोन! या वाद्याचा मूळपुरुष अडॉल्फ सॅक्स नावाचा बेल्जियन कारागीर. १८४६ साली त्यानं पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून कोर्टकचेऱ्या त्याच्या मागे लागल्या आणि त्याचं तीनदा दिवाळं वाजलं. वाद्य जन्माला घालणाऱ्याचाच जिथे धंदा चुकला, तिथे ते वाजवणाऱ्यानं काय आशा धरावी? पत्रिका पाहिली असती तर हे सगळं आधीच कळलं असतं.

आपली सॅक्सोफोनशी ओळख लग्नाच्या बँडमधली, नाही तर हिंदी सिनेमातली. नायकनायिका पावसात भिजून परक्या खोलीत शेकोटीपाशी आली, की आडून कोणीतरी सॅक्सोफोन काढलाच म्हणून समजा. १९६९ च्या 'आराधना'तल्या तसल्या प्रसंगी तो मनोहारी सिंग यांनी असा काही वाजवला आहे, की आमच्या पिढीतल्या सभ्य माणसांना हे वाद्य चारचौघांत ऐकताना अजून थोडं चोरट्यासारखं होतं. पण रीडचा सॅक्सोफोन त्यातला नाही. तो मोहात पाडत नाही, कुरकुरतो. आवाज जाड, खरबरीत, सकाळी घसा साफ करण्यापूर्वीच्या माणसासारखा. तो ज्या जे. टी. ब्राऊनकडून शिकला त्याच्या वादनाला लोक शेळीच्या ओरडण्याची उपमा देत. गुरूच्या घराण्याची अशी ख्याती असल्यावर शिष्याकडून मखमलीची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

आता थोडं ब्लूजविषयी. घाबरू नका, फार शास्त्र सांगत नाही. या गाण्याचा साचा ठरलेला. बारा घरांचा एक फेरा, प्रत्येक घरात चार मात्रा. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. पहिल्या ओळीत दुःख सांगायचं; समोरच्यानं नीट ऐकलं नसेल म्हणून पुन्हा सांगायचं; आणि तिसऱ्या ओळीत बहुधा बायको सोडून गेल्याचं तरी कळतं, नाही तर घरमालक दारात उभा असल्याचं तरी. तक्रार दोनदा सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम ज्यानं केला त्याला माणसाचा स्वभाव पुरता कळला होता. आमच्या शेजारचे एक गृहस्थ पाण्याच्या टाकीबद्दल सोसायटीच्या सभेत बोलतात ते नेमकं याच घाटात. फक्त त्यांची तिसरी ओळ कधी येत नाही.

आणि या साच्यात एक मोठी सोय असते. प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा मोकळी सोडलेली असते. तिथे एखादं वाद्य उत्तर देतं. आपल्याकडे शाहिरानं ओळ टाकली की मागचे झीलकरी 'जी जी' म्हणून ती उचलतात ना, तसं. त्या झिलीशिवाय पोवाडा उभा राहत नाही. पण शाहिराचं नाव राहतं. झीलकऱ्याचं नाव विचारून बघा कुणाला.

ए. सी. रीड हा जन्मभर झीलकरी होता. १९६१ साली 'धिस लिटल व्हॉइस' हे त्याचं स्वतःचं एक गाणं शिकागोच्या आसपास बऱ्यापैकी चाललं, तेवढाच काय तो उजेड. बाकी अर्ल हुकरच्या मागे वाजव, विली मेबनच्या मागे वाजव. १९६७ पासून दहा वर्षं बडी गायच्या बँडमध्ये काढली. त्या बँडबरोबर आफ्रिकेला जाऊन आला. १९७० साली रोलिंग स्टोन्सच्या युरोपच्या दौऱ्यात बडी गाय आणि ज्युनियर वेल्स आधी वाजवत, त्यांच्यामागेही हा उभा. विचार करा. ज्यांनी ब्लूज ऐकून ऐकून आपलं गाणं उभं केलं, ते गोरे तरुण मुख्य पाहुणे. ज्यांचं ऐकलं ते आधी वाजवणार. आणि त्यांच्याही मागच्या रांगेत आमचा रीड. पंगतीत तिसऱ्या पानाला बसलेल्या माणसापर्यंत जिलबी किती उरते, हे काय मी सांगायला हवं?

पुढे सन सील्स झाला, मग अल्बर्ट कॉलिन्स. या कॉलिन्सचा सगळा कारभार शीतगृहाचा. बँडचं नाव 'आइसब्रेकर्स', रेकॉर्डींची नावं 'आइस पिकिन' आणि 'फ्रोझन अलाइव्ह!' त्या गारठ्यात राहून रीडनंही स्वतःची छोटीशी रेकॉर्ड कंपनी काढली. तिचं नाव 'आइस क्यूब'. १९८२ साली तीतून त्यानं जी रेकॉर्ड काढली, तिच्या नावाचा मराठी अनुवाद सभ्य घरात करता येण्यासारखा नाही. 'हे तुमचं ब्लूज घ्या आणि घाला चुलीत', इतपत सौम्य करून सांगतो. म्हणजे ज्या धंद्याला शिव्या द्यायच्या, त्याच धंद्यात पदरचे पैसे घालून शिव्यांची रेकॉर्ड काढायची! तक्रारीवर इतकी निष्ठा मी आमच्या सोसायटीतसुद्धा पाहिलेली नाही.

१९८७ ची रेकॉर्ड या साधनेचं फळ आहे. यातलं शीर्षकगीत ऐकावं. संगीतात पैसा नाही, दुसरं काही केलं असतं तर बरं झालं असतं, एवढाच मजकूर. पण सांगण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. रीडचा आवाज काही गायकाचा नव्हे. तो वर चढत नाही, खाली फारसा उतरत नाही. ओट्यावर बसून पाय हलवत बोलावं तसा बोलतो. कुठे टाहो फोडत नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही. चेहरा मख्ख ठेवून तक्रार सांगतो, आणि मागे बँड असा ठेक्यात चाललेला, की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलायला लागतो. मग गाणं थांबवून तो सॅक्सोफोन तोंडाला लावतो. तक्रारही स्वतःची आणि 'हो ना, खरंय तुमचं' हेही स्वतःच म्हणायचं. झीलकऱ्याला स्वतःच शाहीर व्हावं लागलं म्हणजे दुसरं काय होणार?

ही रेकॉर्ड निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. 'फास्ट फूड ॲनी'मधली गंमत सामोशाएवढी आहे आणि ती जेवणाच्या ताटात वाढली आहे. 'डोन्ट ड्राइव्ह ड्रंक' म्हणजे 'दारू पिऊन गाडी चालवू नका'. आता हे वाक्य हमरस्त्यावरच्या पाटीवर शोभतं. जन्मभर दारूच्या गुत्त्यांत वाजवणाऱ्या माणसानं ते सांगावं यात गंमत आहे, पण गाणं उपदेशाकडे कललं की रीडचा मख्खपणा उगीचच हेडमास्तरांसारखा वाटायला लागतो. आणि सगळी गाणी एका बैठकीत ऐकली तर चाल थोडी एकसुरी वाटते. तक्रार ही लोणच्यासारखी घ्यावी, भाजीसारखी नव्हे. पण जिथे तो आपल्या पोटाबद्दल बोलतो, तिथे सूर अगदी पक्का लागतो.

ही रेकॉर्ड मी घरात लावली तेव्हा आमची सौभाग्यवती भाजी निवडत होती. एक अख्खं गाणं होईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, हा रडतोय की थट्टा करतोय?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग बरोबर आहे. महिनाअखेरीला तुम्ही पासबुक वाचता तेव्हा असाच आवाज लागतो तुमचा."

या रेकॉर्डवर याहून नेमका अभिप्राय मी वाचलेला नाही. आणि वाचायचा म्हणून जे वाचायला मिळतं, त्याची मोठी मौज आहे.

रेकॉर्डचं स्वागत झालं, नाही असं नाही. पण ते दोन दारांनी झालं आणि दोन्ही मागची दारं. पहिलं दार पाहुण्यांचं. या रेकॉर्डमध्ये स्टीव्ही रे व्हॉन आणि बॉनी रेट ही दोन गोरी मंडळी जुन्या माणसाच्या प्रेमानं वाजवून-गाऊन गेली आहेत. व्हॉन तेव्हा गिटारचा हिरो होता. १९९० साली हेलिकॉप्टरच्या अपघातात गेल्यावर तर त्याचं दैवत झालं. रेटबाईंनी त्याच १९९० साली वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी पटकावलं. तेव्हा पुढे पुढे लोक ही रेकॉर्ड कशासाठी शोधायला लागले ते उघड आहे. माझा एक भाचा गिटार वाजवतो. त्याला मी ही रेकॉर्ड दाखवली.

"मामा!" तो ओरडलाच, "अहो, यात स्टीव्ही रे व्हॉन आहे!"

"अरे, पण रेकॉर्ड ए. सी. रीडची आहे ना?"

"हो," वेष्टन उलटून बघत तो म्हणाला, "तो पण आहे."

'तो पण आहे.' माणूस साठ वर्षांचा होतो, आपल्या नावाची रेकॉर्ड काढतो, तिच्यावर 'माझा धंदा चुकला' असं छापून ठेवतो, आणि त्याच रेकॉर्डवर तो 'पण' असतो! शीर्षकाची सत्यता पटवून द्यायला आणखी पुरावा कशाला हवा? भाच्याचा दोष नाही. 'मिआमी स्ट्रट' ही शब्दांवाचूनची चीज व्हॉनच्या गिटारमुळे तडतडते, हे खरंच आहे. पण त्या गिटारखाली जो रुंद, स्वस्थ ठेका अंथरलेला आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सतरंजी कुणी पाहत नाही. तिच्यावर कोण बसलंय ते पाहतात.

दुसरं दार विनोदाचं. बिल डाल हे ब्लूजचे जाणकार समीक्षक. रीडवर त्यांनी आपुलकीनं लिहिलं आहे. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की रीड रंगमंचावर नशिबाला बोल लावतो तेव्हा याला आपल्या कामाचा खरोखरच वीट आला असावा असं वाटेल; पण ती सगळी लटकी तक्रार आहे, कारण त्याचं वाजवणं काही कंटाळलेल्या माणसाचं नाही. यातलं अर्धं मला मान्य आहे. वाजवणं कंटाळलेल्या माणसाचं नाही, हे शंभर टक्के खरं. पण म्हणून तक्रार लटकी कशी? कामावर प्रेम आहे म्हणून पगार पुरतो, असं कोणत्या गणिताच्या पुस्तकात लिहिलंय?

माझं भांडण आहे ते इथे. माणूस हसत बोलला की त्याचं बोलणं खोटं धरायचं, हा न्याय कुठला? हाच रीड छाती पिटून गायला असता, तर त्याला 'शोषितांचा आक्रोश' म्हणून काळ्या जाड चष्म्यातून वाचलं गेलं असतं. तो मख्ख चेहऱ्यानं थट्टा करतो म्हणून 'वल्ली आहे हो!' म्हणून सोडून द्यायचं. पण हिशेब मांडून बघा. ब्लूजमध्ये गिटारवाला पुढे उभा राहतो, नाव त्याचं, रेकॉर्ड त्याची. मागच्या माणसाला त्या रात्रीची मजुरी मिळते. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजत राहिलं, तरी त्यातल्या सॅक्सोफोनला दुसऱ्या दिवशी सकाळी चहा स्वतःच्याच पैशांनी प्यावा लागतो. ही थट्टा नव्हे, हा ताळेबंद आहे.

आपल्याला हे समजायला शिकागोला जायची गरज नाही. मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन घेऊन बसलेले किती तरी गोवेकर होते. रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायचे, दिवसा रेकॉर्डिंगला. ज्या गाण्यांवर आपण तरुण झालो आणि म्हातारेही होत आलो, त्यांत त्यांचे श्वास आहेत. रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव मात्र नाही. माजोर्ड्याचे ॲन्थनी गोन्साल्विस हे एवढे मोठे व्हायोलिनवादक, प्यारेलालना त्यांनी शिकवलं. पण त्यांचं नाव घरोघरी गेलं ते कधी? १९७७ साली अमिताभ बच्चन भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येऊन 'माझं नाव हे' असं सांगत नाचला तेव्हा. म्हणजे त्यांचंही सत्य आपल्यापर्यंत आलं ते विनोदाच्या अंड्यातूनच. आणि आपण काय केलं? हसलो, आणि ही व्यक्ती खरोखरची आहे का, एवढंही विचारलं नाही.

या विषयात मी इतका तावातावानं का बोलतो, असं कुणी विचारील. तर त्यात माझा थोडा स्वार्थ आहे. आमचाही धंदा त्याच पेठेतला. आमच्यासारख्यांच्या पुस्तकांना 'हलकंफुलकं' म्हणतात. प्रवासात वाचायला बरं, दुपारी झोप येण्यापूर्वी बरं, आजारी माणसाला भेट द्यायला संत्र्यांइतकंच बरं. त्यात लेखकाला काही खरोखरच खुपलं असेल, ही शंका कुणाला येत नाही. 'मजा आली हो!' म्हणतात. मजा यावी म्हणूनच लिहिलेलं असतं, तेव्हा रागवायचं तरी कसं? रीडचं तेच झालं. लोकांचा पाय हलला पाहिजे अशी त्यानं चोख व्यवस्था केली, आणि पाय इतका छान हलला की कान तिकडे गेलाच नाही.

आपल्या देहूच्या वाण्याचं दुकान दुष्काळात बुडालं, दिवाळं निघालं. त्यानंतर त्यानं जो धंदा धरला त्यातही विठ्ठलाशी रोखठोक हिशेबाची भाषा सोडली नाही. देवालाही दोन शब्द सुनावले, आणि तेही टाळमृदंगाच्या ठेक्यात. रीडला मी त्या पायरीवर नेऊन बसवत नाही. तो स्वतःही बसला नसता. तिथेही पैसे मिळत नाहीत, हे त्यानं पहिल्यांदा विचारून घेतलं असतं. पण तक्रार ठेक्यात बसवली की ती खोटी होत नाही, उलट चार माणसांना मिळून म्हणता येते, ही गोष्ट निदान आपल्याला तरी कुणी नव्यानं शिकवायला नको.

पुढे रीडचं काय झालं? धंदा सोडला असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्हाला तक्रार करणारा माणूस कळलाच नाही. १९९८ साली 'डेलमार्क' कंपनीनं त्याची आणखी एक रेकॉर्ड काढली, 'जंक फूड'. २००४ च्या फेब्रुवारीत वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी तो शिकागोतच वारला. पोलादाच्या कारखान्यातल्या त्या पहिल्या पगारापासून मोजलं, तर साठएक वर्षं त्यानं चुकीच्या धंद्यात काढली. बरोबर धंद्यातली माणसं अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन घरी बसतात.

ही रेकॉर्ड मिळाली तर ऐका. व्हॉनच्या गिटारसाठी ऐकलीत तरी हरकत नाही. दार मागचं असलं तरी घर तेच आहे. फक्त तो म्हातारा गाणं थांबवून सॅक्सोफोन तोंडाला लावील, तेव्हा आपण बसल्या जागी हळूच एक 'जी जी' म्हणावं. त्याचा जन्म दुसऱ्यांच्या मागे झील धरण्यात गेला. चार मिनिटं त्याच्यामागे धरायला आपले काही पैसे पडत नाहीत.